दिदिए झोकोरा: १२३ सामने, एक गोल

प्रश्न असा आहे: "दिदिए झोकोरा २०१५मध्ये एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळला. आयव्हरी कोस्टकडून सर्वाधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे असं वाचलं. पण १२३ सामन्यांत त्याचा गोल फक्त एक. स्ट्रायकर द्रोग्बा आणि मिडफिल्डर याया तुरेच्या पिढीत या माणसाला इतके सामने कसे मिळाले? त्याच्यात नेमकं काय होतं?"

एका वाक्यात सांगायचं तर फुटबॉलपटू झोकोरा अफाट धावायचा, आणि कुठे धावायचं हे त्याला कळायचं. याया तुरे चेंडू घेऊन पुढे घुसला की मागे जी जागा उघडी पडायची ती झोकोरा झाकायचा. ते करणारं कुणी नसतं तर यायाला त्या संघात तितकी मोकळीक मिळालीच नसती. पण एवढ्यावर थांबलो तर त्याच्या मर्यादा झाकल्या जातील, आणि त्या बऱ्याच होत्या. मी अनेक वर्षं मुलांना फुटबॉल शिकवतो. "सर, मला स्ट्रायकर करा" असं म्हणणाऱ्या मुलांना मधल्या फळीत मागे खेळायला राजी करणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम, म्हणून झोकोराबद्दल मला विशेष आपुलकी आहे. तरीही त्याच्याबद्दल वाढवून बोलणार नाही.

सुरुवात आबिजानपासून करायला हवी. झोकोराचा जन्म १४ डिसेंबर १९८०चा. तो आसेक मिमोसा या क्लबच्या अकादमीत वाढला. नव्वदच्या दशकात फ्रान्सचा माजी खेळाडू आणि प्रशिक्षक जाँ-मार्क गियू याने क्लबचे अध्यक्ष रॉजे उएन्यां यांच्या साथीने ती उभी केली. आबिजानच्या सोल बेनी या सरावसंकुलात मुलं राहायची, शाळाही तिथेच शिकायची आणि फुटबॉलही. गियूचा भर चेंडूवरच्या हुकमतीवर होता. लहान मुलं बूट न घालता खेळायची, कारण अनवाणी पायाला चेंडू नीट कळतो आणि अनवाणी पायाने कुणी धसमुसळेपणा करत नाही. कोलो तुरे, याया तुरे, अरुना दिंदान, एमान्युएल एबुए, सालोमोन कालू, जर्व्हिन्यो, रोमारिक, सियाका तिएने, गोलरक्षक बुबाकार बॅरी: एका क्लबच्या अकादमीतून बाहेर पडलेली ही नावं बघा. यातले बहुतेक जण पुढे झोकोराबरोबर राष्ट्रीय संघात खेळले. द्रोग्बा मात्र यातला नाही, तो फ्रान्समध्ये वाढला.

या पोरांची पहिली ओळख जगाला १९९९मध्ये झाली. आसेकने १९९८ची आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकली होती, पण त्यानंतर मोठे खेळाडू क्लब सोडून गेले. मग आफ्रिकन सुपर कपसाठी क्लबने अकादमीची मुलंच मैदानात उतरवली. समोर ट्युनिशियाचा एस्पेरान्स, म्हणजे आफ्रिकेतल्या सर्वांत बलाढ्य क्लबांपैकी एक. पोरांनी जादा वेळेत ३-१ असा विजय मिळवला. वयोगटाच्या स्पर्धा जिंकून फुशारणाऱ्या प्रत्येक अकादमीने या सामन्याचा अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं. ती मुलं वयाने लहान होती, पण पाच-सहा वर्षं रोज एकमेकांसोबत खेळली होती. कोण कुठे असेल हे त्यांना न बघता ठाऊक होतं.

२०००मध्ये झोकोरा बेल्जियमच्या गेंकला गेला. गियूशी संबंध असलेल्या बेव्हेरन या दुसऱ्या बेल्जियन क्लबात आसेकचे बरेच जण पुढे गेले, पण झोकोराची वाट वेगळी पडली आणि ते त्याच्या पथ्यावर पडलं असं मी म्हणेन. बेव्हेरनमध्ये घरचीच माणसं भेटली असती. गेंकमध्ये त्याला परक्या संघात, थंडीत, तगड्या माणसांमध्ये जागा मिळवावी लागली. २००१-०२मध्ये गेंक बेल्जियमचा विजेता झाला आणि पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदच्या गटात पडला. माद्रिदमध्ये त्यांनी ६-० असा मार खाल्ला, आणि त्याच माद्रिदला घरच्या मैदानावर १-१ असं रोखलं. तिथून २००४मध्ये फ्रान्सचा सेंट-एटियन, दोन मोसम. तिथल्या खेळावरच इंग्लंडचे क्लब त्याच्या मागे लागले.

आता राष्ट्रीय संघाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. २००२पासून आयव्हरी कोस्ट यादवीत होरपळत होता; उत्तर बंडखोरांच्या ताब्यात, दक्षिण सरकारच्या. अशा देशाचा संघ, ज्यात दोन्हीकडची माणसं होती, ८ ऑक्टोबर २००५ला सुदानमध्ये ३-१ जिंकला. त्याच वेळी गटातल्या प्रतिस्पर्धी कॅमेरूनच्या पिएर वोमेची शेवटच्या क्षणाची पेनल्टी इजिप्तविरुद्ध हुकली आणि आयव्हरी कोस्ट पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला. ड्रेसिंग रूममध्ये द्रोग्बाने माइक हातात घेतला, सगळे खेळाडू गुडघ्यावर बसले आणि शस्त्रं खाली ठेवा अशी देशाला विनवणी केली. ते चित्रण आजही पाहायला मिळतं. एका आवाहनाने युद्ध संपलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, २०१०-११मध्ये तिथे पुन्हा रक्त सांडलं. पण त्या संघाचं वजन देशात काय होतं हे त्यावरून कळतं. जून २००७मध्ये बंडखोरांच्या बुआके शहरात मादागास्करविरुद्धचा सामना खेळवला गेला, ५-० जिंकला. अशा संघात वर्षानुवर्षं जागा टिकवायची तर फक्त कौशल्य पुरत नाही, भरवशाचं असावं लागतं.

आणि झोकोरा भरवशाचा होता. २०००पासून २०१४पर्यंत प्रशिक्षक बदलत राहिले. फ्रान्सचा आंरी मिशेल आला, स्वीडनचा स्वेन-योरान एरिक्सन आला, देशातलाच फ्रान्स्वा झाहुई आला, साब्री लामुशी आला. प्रत्येकाने आपापला संघ बांधला आणि प्रत्येकाच्या संघात झोकोरा होता. २००६, २०१० आणि २०१४ असे तीन विश्वचषक तो खेळला.

आता त्याचं काम जवळून बघू. समजा आपला संघ हल्ला करतो आहे. चेंडू उजवीकडे आहे, उजवा फुलबॅक, म्हणजे बचावफळीतला कडेचा खेळाडू, पार पुढे गेलाय, मधल्या फळीतला एक जण समोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी आहे. बघणाऱ्यांचे डोळे चेंडूवर. या वेळी बचावात्मक मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीत मागे राहणारा झोकोरासारखा खेळाडू, काय करतो? तो दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून मागे बघतो: समोरच्या संघाने पुढे ठेवलेला खेळाडू कुठे उभा आहे? मग तो फुलबॅकने सोडलेल्या जागेच्या दिशेने चार-पाच पावलं सरकतो, पूर्ण जात नाही, कारण मधोमधची वाट उघडी टाकून चालत नाही. चेंडू हातचा गेला रे गेला की समोरचा पहिला पास कुठे जाणार याचा अंदाज घेऊन तो आधीच निघालेला असतो. पास मिळवणारा चेंडू थांबवतो तोवर हा त्याच्या पाठीवर. आता चेंडू काढून घेता आला तर उत्तम. नाही आला तर त्याला वळू द्यायचं नाही, मागेच पास द्यायला लावायचा. प्रतिहल्ला तिथेच मेला. टाळ्या नाहीत, आकडा नाही, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ओळ नाही.

आपल्याकडे हे समजावायला मी मुलांना कबड्डीतला कव्हर सांगतो. चढाईपटूचे गुण फळ्यावर चढतात. पण कव्हरने नुसतं पुढे सरकून त्याला कोपऱ्याकडे जाऊच दिलं नाही, तो रिकाम्या हाताने परत गेला, याची नोंद कुठे होते? झोकोराच्या १२३ सामन्यांतला मोठा भाग अशा कामाचा आहे.

मात्र फक्त थांबून झाकणं एवढंच त्याचं काम नव्हतं. चेंडू हिसकावला की तो स्वतः घेऊन पळायचा. लांब ढांगा, छाती पुढे, बघता बघता तीस मीटर पार. मधल्या फळीत मागे खेळणाऱ्या माणसात हे क्वचित दिसतं. अडचण पुढे सुरू व्हायची. पळून गोलसमोर पोचल्यावर काय करायचं, कुठला पास द्यायचा, कधी मारायचं, यात त्याचा निर्णय बऱ्याचदा चुकायचा. सामन्यांच्या संख्येपुढे गोलांचा आकडा इतका किरकोळ राहिला त्याचं कारण फक्त त्याची जागा नाही, हेही आहे.

इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबात हे सगळं एकदम उघड झालं. २००६च्या विश्वचषकात आयव्हरी कोस्ट अर्जेंटिना आणि नेदरलँड्सकडून २-१, २-१ असा हरला, सर्बिया-माँटेनिग्रोला ०-२वरून ३-२ असं हरवलं आणि गटातच बाहेर पडला. पण त्या खेळाने झोकोराचा भाव वाढला, आणि टॉटनहॅमने ऐंशी लाख पौंडांहून थोडी जास्त किंमत मोजली. त्याच उन्हाळ्यात त्यांचा मायकेल कॅरिक मँचेस्टर युनायटेडला गेला. कॅरिक म्हणजे मागून पूर्ण मैदान बघून पास देणारा माणूस. प्रेक्षकांनी झोकोराला कॅरिकच्या जागी कल्पिलं आणि तिथेच घोळ झाला. दोघांचं मैदानावरचं स्थान एक, काम निराळं. तीन मोसम, शंभराहून जास्त सामने, टॉटनहॅमसाठी गोल शून्य. कधी त्याला बचावफळीतही उभं केलं गेलं. ऑक्टोबर २००६मध्ये पोर्टस्मथविरुद्ध तो स्पर्श झाला नसताना पेनल्टी क्षेत्रात पडला, पंचांनी पेनल्टी दिली, गोल झाला, टॉटनहॅम जिंकला. त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. माझ्या मुलांना मी ते दृश्य दाखवतो आणि सांगतो की हे करायचं नाही.

आणि तरीही २४ फेब्रुवारी २००८चा वेम्बलीवरचा लीग कपचा अंतिम सामना बघा. समोर चेल्सी, चेल्सीत द्रोग्बा. राष्ट्रीय संघातले दोन दिदिए समोरासमोर. द्रोग्बाने फ्री किकवर गोल केला, टॉटनहॅमच्या बर्बातोव्हने पेनल्टीवर बरोबरी साधली. मग झोकोरा मधल्या फळीतून पळत सुटला आणि थेट गोलरक्षकासमोर पोचला. त्याचा पहिला फटका पेत्र चेकने अंगावर घेतला. चेंडू परत त्याच्याच पायाशी आला, गोल समोर, आणि त्याने तो आडव्या खांबावरून उडवला. त्याच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात प्रसिद्ध दृश्य, आणि लोक ते बघून हसतात. मी प्रशिक्षक म्हणून बघतो तेव्हा मला दुसराच प्रश्न पडतो: सामना ताणलेला, पाय जड झालेले, अशा वेळी संघातला सगळ्यात मागे खेळणारा मिडफिल्डर तिथपर्यंत पोचला कसा? पुढे जादा वेळेत सहकारी वुडगेटच्या डोक्याला लागून चेंडू आत गेला आणि टॉटनहॅम २-१ जिंकला. त्यानंतर त्या क्लबला पुढचा मोठा चषक २०२५च्या युरोपा लीगपर्यंत मिळाला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा लीग कपचा अंतिम सामना, या वेळी मँचेस्टर युनायटेड, आणि पेनल्टींवर हार.

२००९मध्ये तो सेवियाला गेला. स्पेनमध्ये चेंडू जास्त वेळ संघाकडे राहतो, त्यामुळे मिडफिल्डरला पळण्यापेक्षा पास देणं जास्त लागतं. हे त्याच्या स्वभावाविरुद्ध होतं, तरी तो निभावून गेला. तिथे आसेकचा जुना सोबती रोमारिकही होता. २०१०मध्ये सेवियाने अॅटलेटिको माद्रिदला २-० हरवून स्पेनचा राजाचा चषक जिंकला.

२०११मध्ये तुर्कस्तानचा त्राब्झोनस्पोर. पहिल्याच मोसमात या संघाने चॅम्पियन्स लीगमध्ये इंटर मिलानला त्यांच्याच सान सिरोवर १-० हरवलं. पण तुर्कस्तानात त्याचं नाव दुसऱ्याच कारणाने गाजलं. एप्रिल २०१२मध्ये फेनरबाह्चेच्या एम्रे बेलोझोग्लूने आपल्याला वर्णद्वेषी शिवी दिली असं झोकोराने जाहीरपणे सांगितलं. एम्रेने वर्णद्वेषाचा आरोप फेटाळला. तुर्की महासंघाने त्याला दोन सामन्यांची बंदी घातली. काही आठवड्यांनी दोघे पुन्हा समोरासमोर आले तेव्हा झोकोराने त्याला लाथ घातली. ती लाथ चुकीची, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याने आधी तोंड उघडलं, तक्रार केली, हे मला महत्त्वाचं वाटतं. मैदानावर ऐकलेलं मैदानावरच सोडायचं असा अलिखित नियम खेळाडूंवर लादला जातो आणि त्याचा फायदा नेहमी शिवी देणाऱ्यालाच होतो.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला, २०१२च्या आफ्रिकन चषकात, झोकोराच्या खेळाचा सगळ्यात भक्कम पुरावा मिळाला होता. झाहुईच्या संघात मधल्या फळीत झोकोरा, शेख तिओते आणि याया. सुदान १-०, बुर्किना फासो २-०, अंगोला २-०, इक्वेटोरियल गिनी ३-०, माली १-० आणि अंतिम सामन्यात झांबिया ०-०. सहा सामने, आणि खेळाच्या वेळेत एकही गोल खाल्ला नाही. द्रोग्बाची पेनल्टी आडव्या खांबावरून गेली, मग शूटआउटमध्ये, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने मारलेल्या पेनल्टींवर, झांबिया ८-७ जिंकला. २००६मध्ये कैरोतही अंतिम सामना ०-० राहून इजिप्तने पेनल्टींवर हरवलं होतं. म्हणजे बघा, दोन अंतिम सामने, दोन्हींत गोल खाल्ला नाही, आणि दोन्ही वेळा चषक दुसऱ्याच्या हातात. बचावात्मक मिडफिल्डरला यापेक्षा जास्त काय करता येतं, सांगा!

२०१४च्या विश्वचषकात त्याचं वय तेहतीस होतं आणि लामुशीने त्याला बचावफळीच्या मधोमध खेळवलं. जपानला २-१ हरवलं, कोलंबियाकडून २-१ हरले आणि तिसऱ्या सामन्यात ग्रीसच्या सामारासने भरपाई वेळेत पेनल्टी मारून आयव्हरी कोस्टला घरी पाठवलं. त्या तिसऱ्या सामन्यात झोकोरा मैदानात नव्हता. त्यानंतर त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली, द्रोग्बानेही घेतली. आणि पुढच्याच आफ्रिकन चषकात, फेब्रुवारी २०१५मध्ये, आयव्हरी कोस्टने घानाला शूटआउटमध्ये ९-८ हरवून चषक जिंकला. शेवटची पेनल्टी मारली आसेकच्या अकादमीतल्या बॅरीने. प्रशिक्षक होता एर्वे रेनार, ज्याने २०१२मध्ये झांबियाला आयव्हरी कोस्टविरुद्ध जिंकून दिलं होतं. कोलो आणि याया त्या संघात होते, झोकोरा नव्हता. मला याचं आजही वाईट वाटतं. १२३ सामने खेळलेल्या माणसाला तो चषक काही महिन्यांनी हुकला.

त्याच वर्षी तो पुण्यात आला. डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक, संघात आद्रियान मुतू, तुंजाय शानली, युजिनसन लिंगडोह. घरच्या मैदानावर मुंबई सिटीला ३-१ हरवून मोसम सुरू झाला खरा, पण शेवटी इंडियन सुपर लीगच्या आठ संघांत पुणे सातवा आला. तुम्ही तेव्हा त्याला पाहिलं असेल तर एक लक्षात घ्या: तो पस्तिशीला टेकला होता. ज्या पायांवर सगळी कारकीर्द उभी होती ते पाय आता तेवढे चालत नव्हते. पासवर जगणारा मिडफिल्डर पस्तिशीतही खेळ सांभाळतो, पळण्यावर जगणाऱ्याचं वय लवकर दिसतं. मग २०१६मध्ये तो गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये गेला, रोमारिक तिथेही त्याच्या सोबत होता, संघ पाचवा आला. २०१७मध्ये इंडोनेशियाचा सेमेन पादांग, आणि तिथे त्याची वाटचाल थांबत आली.

तुम्हाला त्याला खरंच समजून घ्यायचं असेल तर बालेवाडीतल्या आठवणींवरून मत बनवू नका, आणि गोलांच्या चित्रफिती तर शोधूच नका, त्यात तो सापडणार नाही. २०१२च्या आफ्रिकन चषकातला एखादा पूर्ण सामना मिळवा, मालीविरुद्धचा मिळाला तर उत्तमच. पहिली वीस मिनिटं चेंडू विसरा आणि फक्त पाच नंबरच्या जर्सीवर नजर ठेवा. याया पुढे गेला की झोकोरा कुठे सरकतो, चेंडू गेल्यावर त्याचं पहिलं पाऊल कुठल्या दिशेला पडतं, फाउल करायचा झाला तर तो मध्यरेषेच्या किती जवळ करतो, एवढं वहीत टिपत जा. घरात मधल्या फळीत खेळणारं कुणी पोर असेल तर त्यालाही शेजारी बसवा, आणि मध्यंतराआधी त्याच्याकडून काहीही बोलून घेऊ नका.